तालीम सोडली तो हिवाळा

यंदा दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले तरी घरातले पंखे बंद झाले नव्हते. मग एका सकाळी नळाचं पाणी बोटांना चावलं आणि नगरला थंडी आली. थंडीची वर्दी माझ्या खांद्यांना आधी मिळते. सत्तरी ओलांडलेले हे खांदे आता पिशवी उचलण्यापलीकडे कामाचे नाहीत, पण मार्गशीर्षाचं वारं लागलं की ते ताठ होतात आणि हात आपोआप जमीन शोधू लागतात. अंगाला गोडं तेल चोळावं आणि दोन-चार जोर काढावेत असं वाटतं. वाटतं तेवढंच, दोनाच्या पुढे गाडी जात नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. माझी सून कामाची वाघीण आहे. तिने संध्याकाळपर्यंत चौकशी करून माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले. "पपा, चौकात नवीन जिम झालंय. ज्येष्ठांना वेगळी वेळ आहे, शिकवायला माणूस आहे. नाहीतर मोबाईलवर व्यायामाचे वर्ग असतात, ते बघून घरच्या घरी करायचं. काय ते ठरवा." मी लगेच म्हणालो, घरीच बरं. ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही नेहमी घरीच बरं म्हणता. चार माणसांत काय बिघडतं?" तिने सहज विचारलं होतं. मी चष्मा पुसत बसलो, कारण या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मी आजवर कुणालाही दिलेलं नव्हतं.

घर की तालीम, हा निर्णय मी एकदाच घेतला, एकोणिसाव्या वर्षी. पुढे फौजेत पंधरा वर्षं हुकमाने पळालो, उठलो, बसलो, पण हुकमाच्या व्यायामात आपलं काही ठरवणं नसतं. खरं ठरवलं ते बहात्तर सालच्या हिवाळ्यात.

आमचं गाव नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठावरचं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. गावात आमची ख्रिस्ती घरं सात-आठ, आणि बाबा मंडळीतले वडील, म्हणजे पाळकसाहेब नसतील त्या रविवारी प्रार्थना चालवणारे. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. तालीम वेशीजवळ होती. पत्र्याचं लांबट छप्पर, आत लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुतीचा फोटो आणि त्याखाली पणती. सोळाव्या वर्षी मी तिथे जायचा हट्ट धरला तेव्हा आईने बाबांकडे पाहिलं. फोटोचं काय करायचं, हे तिला तोंडाने विचारावं लागलं नाही. बाबा म्हणाले, "हात जोडायचे नसले तर जोडू नकोस. मातीला हात लाव आणि कामाला लाग. माती देवाने सगळ्यांसाठी केलीय." तेवढ्यावर मी गेलो. बाकीची पोरं फोटोला नमस्कार करायची, मी हौदाची माती कपाळाला लावायचो. भागूजी वस्ताद एक नारळ घ्यायचा आणि नाव विचारायचा. त्यापलीकडे त्याने कुणालाही काही विचारल्याचं मी पाहिलं नाही.

तीन हिवाळे मी त्या छपराखाली घाम गाळला. तो वास अजून नाकात आहे. मातीत मुरलेलं तेल, ताक, हळद आणि दहा-बारा अंगांची वाफ. पहाटेच्या गारठ्यात पहिला जोर काढताना तळहात बधिर व्हायचे. रंगनाथ माझा जोडीदार. तो एका अल्पभूधारकाचा थोरला मुलगा, माझ्याच वयाचा, खांद्याने आडवा आणि बोलायला कमी. मी जोर काढायला लागलो की तो माझ्या पाठीवर हात दाबून धरायचा आणि म्हणायचा, "आता उठ." त्या दाबाखाली उठलेला एक जोर एरवीच्या पाचांच्या बरोबरीचा असायचा. आम्हा दोघांना फौजेत जायचं होतं. त्याचं तर त्याच्या घरानेही ठरवून ठेवलं होतं.

आमच्या तालमीत एक रीत होती. दुसरीकडे कुठे ती आढळली नाही. मेहनत सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपल्या खुराकाची मूठ एका खोल पितळी हंड्यात टाकायची. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गुळाचा खडा, घरात असेल ते. मूठ बंद ठेवून हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि तळाशी उघडायचा. कोणी किती टाकलं ते कोणाला दिसू नये. ज्याच्याकडे काही नाही त्यानेही रिकामी मूठ आत घालून उघडायची. मेहनत झाली की वस्ताद सगळं कालवून सारखे वाटे करायचा. चांगल्या वर्षांत आम्हाला या रितीचं काही वाटायचं नाही. उलट हंडा उतू चालला की आम्ही हसायचो.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. बाजरी वीतभर वाढून करपली आणि ज्वारी पेरायला ओल नव्हती. त्यामुळे हिवाळा आला तो नुसता अंगाला आला, जिभेला आला नाही. एरवी या दिवसांत शेताशेतांतून हुरड्याचा धूर निघायचा. त्या वर्षी थंडी होती, स्वच्छ आभाळ होतं आणि त्याखाली काळी रिकामी रानं. दवसुद्धा पडत नव्हतं. नदीत झिरे खणून बायका वाटीवाटीने हंडे भरायच्या. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनला मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. त्या आठवल्या की आजही माझा घास रेंगाळतो.

तालमीला घालायला ताक उरलं नाही, तेव्हा माती दगडासारखी झाली. वस्तादाने सांगून टाकलं, "जो दिसभर खडी फोडतो त्यानं सकाळी जोर मारायचं न्हाईत. नुसतं येऊन बसायचं. हितं आल्याशिवाय ऱ्हाऊ नका." पोरं यायची. रंगनाथही दिवसभर घण मारायचा, पण भरती फाल्गुनात असल्याने सकाळी वस्तादाची नजर चुकवून बैठका काढायचा. हंड्यात मुठी पडायच्या, पण तळाचं पितळ दिसायचं. कितीतरी मुठी रिकाम्याच उघडत असणार. वस्ताद तेवढ्याचेच सारखे वाटे करायचा, कधी एकेकाला पाच-सहा हरभरे यायचे, आणि ते आम्ही फार वेळ चावायचो.

आणि आमच्या घरात दुधाच्या पावडरीचा डबा आला. मिशनच्या दवाखान्यातून आमच्या घरांना त्या वर्षी पावडर मिळाली. आईने हिशेबाने वाटणी केली. धाकट्या बहिणीला, बाबांना, आणि भरतीला जाणारा म्हणून मला थोडं जास्त. कोमट पाण्यात पावडर ढवळली की गाठी व्हायच्या, त्या टाळूला चिकटायच्या आणि सावकाश गोड होत विरघळायच्या. भुकेच्या वर्षात एकोणीस वर्षांच्या शरीराला तो पेला काय होता हे मला शब्दांत सांगता येणार नाही. मी पेल्याच्या बुडाला बोट फिरवून चाटायचो.

चार दिवस झाल्यावर बाबा आईला म्हणाले, "याच्या वाट्यातली एक पुडी बांधून देत जा. तिथं सगळे एकत्र खातात. यानं घरी पिऊन जायचं, हे बरं दिसत नाही." आईने मान हलवली. मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुडी खिशात घालून मी तालमीकडे निघालो आणि वेशीपाशी थांबलो. आत अकरा जण होते. अकरा जणांत ती पुडी म्हणजे एकेकाला घोटभर पांढरं पाणी. आज टाकली की रोज टाकावी लागणार. शिवाय पावडर मुठीत लपत नाही, हंड्यात पडली की कुणाची ते कळणार, आणि मग माझ्या घरात डबा आहे हेही कळणार. मी तसाच मागे वळलो. नदीच्या वाटेला बसून ती पुडी कोरडीच खाल्ली. ठसका लागला, पाणी नव्हतं, तरी खाल्ली.

मग खोटं बोलणं आलं. एका खोट्यावर भागत नाही म्हणतात, मला दोन लागली. बाबांना सांगितलं की तालमीत गर्दी होते, वेळ मोडतो, घरीच नेमाने करतो. रंगनाथ मला झिऱ्यावर भेटला, दोघांच्या हातात हंडे होते. त्याने विचारलं, "दोन दिस झालं सुमंता, आला न्हाईस?" मी म्हणालो, "आमच्यात चालत नाही आता. मारुतीसमोर व्यायाम करायचा नाही, असं सांगितलंय."

"तीन वरसं चाललं की."

"आता नाही चालत."

त्याने हंडा खांद्यावर घेतला. "मंग काय इलाज न्हाई," म्हणाला आणि गेला. माझ्या धर्माबद्दल त्याच्या मनात शंका आली नाही. ज्या धर्माने मला मातीला हात लावायची मोकळीक दिली होती, त्याच्याच आडोशाला मी दूध पीत बसलो. बाबांनी जन्मभर जे जपलं त्याला मी माझ्या पेल्याचं झाकण केलं. 

मी परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे जागा झाडून घेतली. घरच्या व्यायामाचं एक आहे, मोजणारेही आपणच आणि ऐकणारेही आपणच. चाळीस जोर झाले की मी पन्नास म्हणायचो. पाठीवर हात नव्हता, त्यामुळे कुठे थांबायचं ते माझ्याच मर्जीवर होतं. तरी अंग भरलं. पोटात दूध होतं, दिवसा खडी फोडायची नव्हती. खांदे गोल झाले, छाती पुढे आली. आई तेल लावताना दृष्ट लागेल म्हणायची. गावात पोरांची गालफडं बसत चालली होती, आणि मी थंडीचं निमित्त करून अंगावर चादर गुंडाळून हिंडायचो. खरं म्हणजे मला माझं अंग कुणाला दाखवायचं नव्हतं.

नाताळ झाला आणि नंतरच्या एका रविवारी दुपारी भागूजी वस्ताद आमच्या दारात आला. बाबांनी त्याला खुर्ची दिली, तो ओट्यावरच टेकला. मी आत भिंतीला चिकटून उभा होतो.

"गुरुजी, एक इनंती हाय," तो म्हणाला. "तुमच्या पोरानं रंगनाथला सांगितलं, की तुमच्यात मारुतीम्होरं मेहनत चालत न्हाई. आता ज्याचा धर्म त्याला. पर पोरगं एकलं पडलंय. तर आमी काय म्हंतो, सकाळच्या दोन तासाला फोटू काढून माझ्या घरी न्हेतो. पोरं गेली की परत लावतो. सगळ्या पोरांना इचारलंय, कुनाची ना न्हाई."

बाबांनी मागे दाराकडे पाहिलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि आता सगळंच कळलं होतं. मी दाराच्या फटीतून त्यांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, आता ते हाक मारतील. त्यांनी हाक मारली नाही. ते म्हणाले, "फोटो हलवू नका, वस्ताद. मी बोलतो त्याच्याशी."

वस्ताद गेल्यावर ते आत आले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, तो त्या दिवशीही चढला नाही. "देवाचं नाव पुढे करून तू खोटं बोललास," एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "मी तुला उघडं पाडलं नाही. पाडणारही नाही. ते तुझं तू जाऊन सांगायचंस. मी वाट बघेन."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता संक्रांत गेली. तालमीच्या बाजूने जाणारी वाटच मी टाकली. चूक कबूल करायला एक दिवस पुरतो असं वाटतं, पण तो दिवस टळला की पुढच्याला दुप्पट बळ लागतं, आणि ते बळ जोर-बैठकांनी येत नाही.

फाल्गुनात नगरच्या मैदानावर आम्ही रांगेत उभे राहिलो, मी आणि रंगनाथ, मागेपुढे. माझी छाती फुगवून मोजली आणि साहेबाने पाठ थोपटली. रंगनाथला काट्यावर उभं केलं. तो वजनात उणा भरला. थोडाच उणा, पण काट्याला थोडं कळत नाही. तो धावण्यात पहिला आला असता, हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. बाहेर येऊन त्याने सदऱ्याची बटणं लावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू निघालास, बरं झालं," म्हणाला. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

मी फौजेत गेलो. तो गावात राहिला, पुढे साखर कारखान्यात लागला. सुट्टीवर आलो की भेटायचा, विचारपूस करायचा. बाबा वारले तेव्हा मी सरहद्दीवर होतो, पोचलो तोवर माती झाली होती. कबरीवर अजून ओल होती. मी मूठभर माती घेतली आणि म्हटलं, अजून नाही सांगितलं बाबा. त्यानंतर तो विषय मी मनातून काढून टाकला असं समजत होतो.

पुष्कळदा मी स्वतःची समजूत घातली आहे. त्या पुड्या वाटल्या असत्या तर अकरा जणांत काय झालं असतं? घोटभर पाण्याने रंगनाथचं वजन भरलं असतं का? गणित करून पाहिलं, नाही भरलं असतं. गणित दर वेळी बरोबर येतं आणि दर वेळी मला बरं वाटत नाही. कारण प्रश्न वजनाचा नव्हताच. ती अकरा पोरं उपाशीपोटी एकत्र बसत होती आणि मी त्यांच्यातून उठून गेलो होतो.

सुनेने विचारल्यानंतर आठ दिवसांनी मी गावी गेलो. तालमीच्या जागी आता गाळे झालेत. रंगनाथ वस्तीवर राहतो. दारात उन्हाला बसला होता, काठी शेजारी, खांदे अजून आडवेच. त्याच्या सुनेने आतून चहा पाठवला. मी कपाला हात लावण्याआधी सगळं सांगून टाकलं. पुडी, नदीची वाट, झिऱ्यावरचं खोटं, सगळं.  रंगनाथने मध्ये एकदाही अडवलं नाही.

मी थांबल्यावर तो म्हणाला, "वस्ताद तुमच्या घरी येऊन गेला, तवापासनं गुरुजी रोज शाळंत जाताना तालमीत पुडी देऊन जायचे. ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"त्यांच्या वाट्याची असनार. 'सुमंतनं पाठवलीय,' म्हनायचे. खाली मान घालून म्हनायचे. त्यांला खोटं बोलाया येतच नव्हतं, गड्या. वस्ताद हसायचा न्हाई, आमाला बी हसू द्यायचा न्हाई. पुडी घ्यायचा आन् म्हनायचा, सुमंताला सांगा, पोचली."

त्या हिवाळ्यात बाबा कोरा चहा प्यायचे. पित्ताला बरा, असं म्हणायचे. मी रोज त्यांच्यासमोर बसून दूध संपवायचो आणि ते कोऱ्या चहात भाकरी बुडवून खायचे.

मी विचारलं, "तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग एवढ्या वर्षांत तू मला बोलला का नाहीस?"

रंगनाथने काठी उचलली, परत खाली ठेवली. "आपन भरतीला निघायच्या आदल्या दिशी गुरुजी तालमीत आले. सगळ्यांना म्हनाले, त्याला कुनी काय बोलू नका, तो यील आन् त्याच्या तोंडानं सांगंल. आमी व्हय म्हनलो." मग म्हणाला, "वस्ताद गेला. बाकीचे बी गेले. येक मीच ऱ्हायलो हुतो ऐकायला."

मी तोंड झाकून रडलो. त्याने रडू दिलं. मग तो उठला, काठीवर भार देत माझ्या मागे आला आणि पाठीवर हात दाबून धरला.